काळी-पांढरी तबकडी आणि लाल बरणी

वाचकाचं पत्र, थोडक्यात

ठाण्याचे एक वाचक लिहितात: "माझं वय छत्तीस. आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी सहा वर्षांची आहे. सकाळचे डबे बायको करते, रात्रीचं जेवण दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. घरी पोचायला साडेसात होतात, त्यामुळे मखनी ग्रेव्हीचं पाकीट, पास्ता सॉसची बरणी आणि शेजवान चटणी यांवरच माझी गाडी चालते. रिकामी बरणी बायकोला दिसू नये म्हणून कचऱ्याच्या डब्यात भाजीच्या सालींखाली घालतो. गेल्या महिन्यात ती म्हणाली, 'रोज एकच चव लागते रे, रंग तेवढा बदलतो.'

दुसरी गोष्ट. पांढऱ्या तबकडीवर काळ्या छोट्या तबकड्या असलेलं, स्टॉपवॉचवालं क्रोनोग्राफ घड्याळ, ज्याला पांडा म्हणतात, त्याचं मला कॉलेजपासून वेड आहे. दोन वर्षांच्या बोनसमधून ५५,००० रुपये बाजूला काढलेत. बायको म्हणते, 'महिना साडेचार हजारांत संध्याकाळी स्वयंपाकाला मावशी येतील. तुझ्या घड्याळात वर्ष निघेल.' मी म्हटलं, घड्याळाचा स्वयंपाकातही उपयोग होईल, पास्त्याला वेळ लावता येईल. त्यावर ती नुसती हसली. घड्याळ घेऊ की मावशी ठेवू? आणि या वयात असा हट्ट म्हणजे पोरकटपणा का?"

उत्तर

नमस्कार,

आधी त्या हसण्याबद्दल. पास्त्याला वेळ लावायला पंचावन्न हजारांचं घड्याळ हवं, हे ऐकून तुमच्या पत्नी नुसत्या हसल्या, हा त्यांचा चांगुलपणा. मी असते तर ओट्यावरचा मोबाइल उचलून तुमच्या हातात ठेवला असता. एखादी वस्तू आवडते म्हणून हवी आहे, एवढं म्हणायला माणसं फार घाबरतात. पैठणी घेताना कुणी 'थंडीत अंगावर घ्यायला होईल' असं सांगत नाही. तुम्हाला ते घड्याळ देखणं वाटतं, कॉलेजपासून वाटतं. पुढची बोलणी इथूनच सुरू करा, पास्त्याला मध्ये आणू नका.

आता तुमचा हिशेब. साडेचार हजार गुणिले बारा म्हणजे चोपन्न हजार. आकडे इतके चपखल जुळले की तुम्हा दोघांनाही समोर तराजूच दिसायला लागला, एका पारड्यात घड्याळ आणि दुसऱ्यात मावशी. पण तेराव्या महिन्याचं काय? घड्याळाचे पैसे एकदा जातात, पगार दर महिन्याला द्यायचा असतो. शिवाय दिवाळीला एक पगार वर, म्हणजे बाराव्या महिन्याच्या आतच तुमचे पंचावन्न हजार संपले. मावशी लागणार असतील तर त्यांचा पगार विजेचं बिल आणि शाळेची फी जिथून जाते तिथूनच निघायला हवा. तिथून निघत असेल तर घड्याळ आडवं येत नाही. निघत नसेल तर घड्याळ न घेऊन तुम्ही तो प्रश्न फक्त वर्षभर पुढे ढकलाल, आणि वर्षानंतर 'हिच्यासाठी मी घड्याळ सोडलं' एवढं मनात उरेल. ते घड्याळापेक्षा महाग पडतं. म्हणून तुमच्या पत्रातला 'की' मी खोडून टाकला आहे.

खोडल्यावर जरा नीट वाचलं, तर तुमच्या पत्नी दोन निरनिराळ्या गोष्टी बोलल्या आहेत. रोज एकच चव लागते, ही एक. मावशी ठेवू, ही दुसरी. तुम्ही त्या जोडून ऐकल्या: जेवण वाईट होतं, म्हणून मावशी. मला तसं वाटत नाही. चवीची तक्रार असलेला माणूस 'आज लसूण जास्त घाल' म्हणतो. मावशी ठेवू म्हणणारा माणूस बहुतेक वेळा दमलेला असतो. आणि घरात सकाळी दमणाऱ्या त्या आहेत. तुम्ही रात्रीचं जेवण सांभाळता हे चांगलंच आहे, पण आठवड्याचं सामान कोण आणतं, दूध संपलं हे कुणाच्या लक्षात येतं, मुलीच्या डब्यात काय द्यायचं हे रात्री अकराला कोण ठरवतं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. विसरलात की तुम्हाला ठाऊकच नाही, हे तुमचं तुम्ही बघा.

तुम्हाला वेळ मोजायची हौस आहेच, तर एक आठवडा मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. संध्याकाळी स्वयंपाकघरात पाय टाकलात की सुरू, ओटा पुसून दिवा मालवलात की बंद. सकाळी त्यांचंही तसंच, पण ते तुम्ही उठून मोजायचं, त्यांना मोजायला लावायचं नाही. दोन्ही आकडे फ्रिजवर लिहा आणि रविवारी चहा पिताना विचारा, 'मावशी हव्यात म्हणालीस ते चवीसाठी की सकाळसाठी?' उत्तर सकाळ असेल तर संध्याकाळी स्वयंपाकीण आणून काही साधणार नाही. सकाळी नुसत्या पोळ्या लाटून देणाऱ्या मावशी मिळाल्या तर तुमच्या घरातला निम्मा ताण जाईल, आणि पोळ्यांपुरत्या येणाऱ्या मावशी पूर्ण स्वयंपाकाच्या मानाने कमी पैशांत येतात. संध्याकाळच्या पोळ्यांचं काम पोळी-भाजी केंद्रावरही होतं, ठाण्यात त्याची वाण नाही.

हे झालं की उरतं तुमचं खातं, म्हणजे चव.

बाजारातल्या सॉसला कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. आठ वाजता घरी येऊन टोमॅटो भाजत बसा, असं सांगणारे लोक सहसा आठ वाजता घरी येत नसतात. पण तुमच्या पत्नींची जीभ बरोबर आहे. मखनी, पास्ता, शेजवान ही नावं वेगळी असली तरी बरणीतल्या बहुतेक सॉसची चण एकच असते. महिनोन्महिने टिकावं म्हणून त्याला आंबट ठेवतात आणि चांगली उष्णता देतात. आंबट झालं म्हणून साखर येते, टिकायला आणि चवीला मीठ येतं, दाटपणाला स्टार्च किंवा डिंक येतो. या सगळ्यात जातो तो वास. लसूण नुकती लाल होतानाचा, कोथिंबीर चुरडल्याचा, आल्याचा, हे वास हवेत उडणारे. ते कारखान्यातल्या उष्णतेला आणि कपाटातल्या सहा महिन्यांना पुरत नाहीत. म्हणजे बरणीत आंबट, गोड, खारट आणि दाट या चार गोष्टी भरपूर आहेत. ताजा वास, परतल्याचा खमंगपणा आणि दाताखाली येणारं काहीतरी, या तीन नाहीत. लोक करतात काय, तर बरणी बेचव लागली म्हणून वरून आणखी मीठ, टोमॅटो केचप किंवा किसलेलं चीज घालतात. जे आधीच भरपूर आहे त्यातच भर.

त्यामुळे पातेल्यात आधी बरणी ओतू नका. आधी तेल किंवा लोणी तापवा. मखनीच्या पाकिटासाठी एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून कडा तांबूस होईपर्यंत परता, मग चमचाभर आलं-लसूण, मग एक पिकलेला टोमॅटो. तेल सुटलं की पाकीट. पाकिटात अर्धी वाटी गरम पाणी घालून हलवा आणि तेही कढईत घ्या, तळाशी अर्धा चमचा मसाला बसलेला असतो. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजू द्या. ही दहा मिनिटं तुम्ही वाचवता असा माझा संशय आहे. गॅस बंद करायच्या आधी कसुरी मेथी तळहातावर चोळून घाला, आल्याच्या काड्या घाला, लिंबाचे चार थेंब पिळा. साखर घालू नका, ती आत आहेच. रविवारी उत्साह असेल तर वाटीत पेटता कोळसा, त्यावर तूप, पाच मिनिटं झाकण. हा धुंगार दिल्यावर ते पाकीट कुठल्या कंपनीचं होतं हे कंपनीलाही ओळखू येणार नाही.

पास्त्याच्या बाबतीत बहुतेक घरांत एक चूक हटकून होते. पास्ता पूर्ण शिजवून, पाणी मोरीत ओतून, वर गार सॉस घालतात. पाकिटावर जो वेळ लिहिलाय त्याच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढा, वाटीभर पाणी राखून ठेवा. दुसरीकडे तेलात ठेचलेला लसूण आणि मिरचीचे तुकडे, मग बरणीतला सॉस, तो कडेने जरा गडद होईपर्यंत परता. आता पास्ता त्यात टाका, राखलेलं पाणी पळी-पळीने घाला आणि शेवटची दोन मिनिटं तिथेच शिजू द्या. त्या पाण्यातला स्टार्च सॉसला पास्त्यावर धरून ठेवतो, सॉस ताटाच्या तळाशी साचत नाही. बरणीत मीठ असतंच, तेव्हा उकळायच्या पाण्यात हात राखून घाला. परदेशी बेसिल मिळालं नाही म्हणून दारची तुळस मूठभर घालू नका, तिचा उग्रपणा सगळ्यावर बसतो. भाजलेली भोपळी मिरची घाला, लाल भोपळ्याच्या फोडी घाला. आणि माझ्या घरी चालणारी एक गोष्ट सांगते: शिजलेली मसूर डाळ वाटीभर. टोमॅटोच्या सॉसमध्ये ती इतकी बेमालूम मुरते की सहा वर्षांची मुलगी डाळ खातेय हे तिला कळणारही नाही.

शेजवान चटणी ही चटणी आहे, तिचा सॉस करू नका. तेल आणि मीठ दोन्ही तिच्यात जोरात असतात. माणशी एक चमचा, तोही आधी कढईत तापवलेला, सोबत व्हिनेगरचे थेंब. भात सकाळचा, फ्रिजमधला गार आणि मोकळा. कांद्याची पात गॅस बंद केल्यावर.

आणि सगळ्यांत कामाची गोष्ट, ती मात्र रविवारची आहे. कांदा-खोबरं भाजून वाटण करा, जसं रश्श्याला करतो तसं. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा. दुसऱ्या ट्रेमध्ये लसूण-मिरची-कोथिंबिरीच्या देठांचं वाटण. मंगळवारी आठ वाजता तयार कोल्हापुरी मसाल्याचं पाकीट फोडलंत की खोबऱ्याच्या वाटणाचे तीन तुकडे आणि हिरव्याचा एक. तासाभराचं काम, आठवडा निघतो. मुलीला ट्रेमधून तुकडे काढायला द्या, मुलांना ते फार आवडतं.

वेष्टनावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. टोमॅटोच्या सॉसमध्ये टोमॅटोच्या आधी पाणी आणि लगेच मागे साखर दिसली, तर तो पुन्हा शेल्फवर ठेवा. सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. समजा १०० ग्रॅममध्ये ६०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि तुम्ही तिघं मिळून २०० ग्रॅमचं पाकीट खाता, म्हणजे १२०० मिलिग्रॅम सोडियम, तीन ग्रॅम मीठ, माणशी एक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, लहानांना त्याहून कमी. माणशी एक ग्रॅमने काही आभाळ कोसळत नाही, पण वरून आणखी मीठ घालताना हा आकडा आठवावा. उघडलेली बरणी फ्रिजमध्ये, कोरडा चमचा, वेष्टनावर लिहिलेल्या दिवसांत संपवायची. वर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच काढून बाकीची वापरायची नाही.

यातलं काहीही करायला बरणी ओट्यावर उघडी दिसावी लागते. लपवणारा माणूस घाईत असतो. दार वाजायच्या आत ओता, ढवळा, बरणी सालींखाली. कांदा परतायला त्याला सवड कुठली? 'यात काय घालू गं?' हे तर विचारताच येत नाही, कारण 'यात' म्हणजे कशात, हे सांगावं लागतं. आणि दोन वर्षं त्यांना कळलंच नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? कचऱ्याचा डबा सकाळी कोण रिकामा करतं?

तुमच्या या दोन्ही गुपितांचा एक थोर पूर्वज आहे, म्हणून सांगते. पॉल न्यूमन. हॉलिवूडचा नट, आणि हौशी म्हणता येणार नाही इतका चांगला रेसिंग ड्रायव्हर. १९७९च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याचा संघ दुसरा आला होता. त्याच्या मनगटावर फिक्या तबकडीचं, काळ्या छोट्या तबकड्यांचं रोलेक्स डेटोना असायचं. आज संग्राहक त्या जातीच्या तबकडीला त्याच्याच नावाने ओळखतात. हाच माणूस घरी केलेलं सॅलड ड्रेसिंग बाटल्यांत भरून नाताळला मित्रांना वाटायचा. १९८२ साली एका लेखक मित्राबरोबर त्याने त्याची कंपनी काढली, पाठोपाठ पास्ता सॉसच्या बरण्या आल्या, आणि नफा सगळा धर्मादाय. आजवर ती रक्कम ५० कोटी डॉलरच्या वर गेली आहे. म्हणजे पांडा घड्याळ आणि सॉसची बरणी, दोन्हींवर एकाच माणसाचं नाव. त्याने बरणीवर स्वतःचा चेहरा छापला. तुम्ही ती सालींखाली पुरता.

ते घड्याळ त्याने स्वतः घेतलेलं नव्हतं, हेही तुमच्या कामाचं आहे. बायकोने, अभिनेत्री जोअॅन वुडवर्डने, दिलं होतं. नवरा गाड्या पळवतो म्हणून मागच्या बाजूला तिने कोरून घेतलं होतं: 'जपून चालव, मी'. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला तेव्हा लिलावाच्या शुल्कासकट ते एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरला गेलं. गंमत अशी की त्या तऱ्हेच्या तबकड्यांना त्या काळी गिऱ्हाईक नव्हतं, दुकानांत त्या पडून राहायच्या. यावरून 'म्हणजे ही गुंतवणूकच झाली की' असं तुमच्या मनात येत असेल तर तो विचार इथेच थांबवा. तुमच्या पंचावन्न हजारांचं घड्याळ दुकानाबाहेर पाऊल टाकताच स्वस्त होणार आहे. आवडीसाठी घ्या, नफ्यासाठी नको.

आवड मात्र मला पटते. त्या रंगसंगतीत नुसती नटवेगिरी नाही. क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळाच्या पोटात स्टॉपवॉच. मिनिटं, तास आणि चालू सेकंद यांच्या दोन-तीन छोट्या तबकड्या मोठीच्या आत बसवलेल्या. सगळं एकाच रंगाचं असलं की गाडी हाकताना त्यातली कुठली कुठली ते शोधावं लागतं. पांढऱ्यावर काळी असली की नजर आपोआप तिथे जाते. डेटोना आणि ह्यूअर या स्विस कंपनीचं कॅरेरा, दोन्ही १९६३ची, दोन्ही मोटारशर्यतींच्या नावाने आलेली. काळ्या तबकडीवर पांढऱ्या छोट्या, असा उलटा पांडाही असतो आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो, पण पत्र तुमचं आहे.

कडेला जी आकड्यांची पट्टी असते, टॅकीमीटर, ती तुम्हाला पास्त्यापेक्षा लोकलमध्ये उपयोगी पडेल. रुळांच्या कडेच्या किलोमीटरच्या खुणेपाशी बटण दाबा, पुढच्या खुणेपाशी पुन्हा दाबा. काटा ४५ सेकंदांवर थांबला तर पट्टीवर ८० दिसेल, म्हणजे गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे. ३६०० भागिले ४५, एवढंच गणित. खिडकी मिळाली तर.

घ्यायचं कसलं? तुमचा दिवस मी डोळ्यांसमोर आणते: लोकलची गर्दी, घाम, घरी येऊन कढई, वाफ, भांड्यांचं पाणी. आत यंत्र असलेलं आपोआप चावी भरणारं क्रोनोग्राफ हे नाजूक प्रकरण आहे. १९६९ साली झेनिथ, ह्यूअर-ब्राइटलिंगचा गट आणि जपानची सेको, तिघांनी एकाच वर्षात ते साधलं, त्याआधी असं घड्याळ हाताने चावी देऊनच चालायचं. इतके बारीक भाग म्हणजे काही वर्षांनी उघडून साफ करण्याचा खर्च साध्या घड्याळाहून बराच जास्त, आणि ते काम येणारा घड्याळजी कोपऱ्या-कोपऱ्यावर नसतो. दिवसाला काही सेकंद इकडे-तिकडे होणार हेही धरून चालायचं. शिवाय चुंबकाची भीती. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकली की घड्याळ पुढे पळायला लागतं. स्पीकर, मोबाइलच्या कव्हरचं चुंबक, चालू इंडक्शन शेगडी, यांपासून असं घड्याळ लांब बरं. झालंच तर घाबरू नका, घड्याळजी काही मिनिटांत ते उतरवतो.

तुमच्यासाठी मी बॅटरीचं किंवा सौरऊर्जेवर चालणारं सुचवीन. महिन्याला काही सेकंदांचाच फरक, देखभाल नावापुरती. बॅटरीच्या काही घड्याळांत स्टॉपवॉचचा भाग यंत्राचा असतो. बटण दाबल्यावर काटा टक-टक न करता सरसर फिरतो आणि पुन्हा शून्यावर टुणकन परत येतो. मला वाटतं तुमचं निम्मं वेड त्या टुणकन येण्याचंच आहे. याच रूपाची चांगली घड्याळं तुमच्या रकमेच्या निम्म्यातही मिळतात. दुकानात जाऊन मनगटावर घालून बघा. तुमचं मनगट बारीक असेल तर ३८ ते ४० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, व्हिडिओत सगळीच घड्याळं बेतशीर दिसतात. पाण्याला १०० मीटर लिहिलेलं असावं, तरीही भांडी घासताना बटणं दाबायची नाहीत. तीनही छोट्या तबकड्या कशाच्या आहेत ते विचारा. काही घड्याळांत एक नुसती २४ तासांची असते, शोभेपुरती. जुनं घ्यायचा मोह झाला तर फार जपून. तबकडी रंगवून 'जुनं पण कोरं' म्हणून विकलेली घड्याळं आपल्याकडे रग्गड आहेत, आणि पांडात तर रंगच सगळं काही.

पैशांबद्दल एवढंच. बोनस तुमचा असला तरी संसार दोघांचा, म्हणून पत्नींना डावलून घेऊ नका. पण त्यांच्याकडे परवानगीही मागू नका. दोघांनी वर्षाकाठी ठरावीक रक्कम अशी ठेवा की जिच्याबद्दल समोरच्याने चकार शब्द काढायचा नाही. दोघांची रक्कम सारखीच. त्यांच्या रकमेचं त्या काय करतात ते करोत, तुम्हीही विचारायचं नाही, हसायचं नाही. ही व्यवस्था आधी सुरू करा, घड्याळ मग घ्या. सहा महिने उशीर झाला तर बिघडत नाही, तुम्ही कॉलेजपासून थांबलाच आहात. अर्ध्या किमतीचं आवडलं तर उरलेले पोळ्यांच्या मावशींच्या पहिल्या काही महिन्यांना जातील. तोवर घरखर्चाची घडी बसवायला वेळ मिळेल.

पोरकटपणाचं विचारलंत. छत्तिसाव्या वर्षी घड्याळ हवंसं वाटणं पोरकट नाही. बरणी सालींखाली लपवणं थोडंसं आहे.

ता. क. घड्याळ घेतलंत तर घरात एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. क्रोनोग्राफमध्ये मधला मोठा सेकंदकाटा एरवी थांबलेलाच असतो, चालू सेकंद एका छोट्या तबकडीत फिरतात. माझ्या भावाने असं घड्याळ आणलं तेव्हा त्याने हे कुणाला सांगितलं नाही. तो गावाला गेलेला असताना वहिनीला काटा थांबलेला दिसला, ती बिचारी ते घेऊन थेट दुकानात गेली, आणि दुकानदाराने तेवढ्यात नवा सेल घालून पैसेही घेतले.